पोकेमॉन परत खेळायचाय, मग रेड घेऊ, फायररेड घेऊ की लेट्स गो?

आधी उत्तर सांगते, मग कारणं. लहानपणी तुम्ही एकटे खेळला असाल, रात्री पांघरुणात, कोणाला न सांगता, तर फायररेड घ्या. कोणाच्या तरी शेजारी बसून खेळला असाल, म्हणजे एकाच्या हातात बटणं आणि दुसऱ्याच्या तोंडून सतत सूचना असं, तर लेट्स गो घ्या आणि कोणालातरी शेजारी बसवा. मूळचा रेड किंवा ब्ल्यू मात्र ज्यांच्याकडे तेव्हा खरंच गेम बॉय (निन्टेन्डोचं हातात धरायचं गेम मशीन) होता त्यांनी घ्यावा, किंवा ज्यांना जुनी वस्तू आहे तशी, तिच्या सगळ्या खोडींसकट हवी असते त्यांनी. यलो, म्हणजे रेडचीच पिकाचूवाली आवृत्ती, तिचं जरा वेगळं आहे, तिच्यावर येतेच.

तिन्हीत गोष्ट एकच आहे हे लक्षात घ्या. पॅलेट टाऊनमधून निघायचं, पोकेमॉन नावाचे प्राणी धरून त्यांना लढवायचं, आठ जिमच्या प्रमुखांना हरवून आठ बॅज मिळवायचे, टीम रॉकेट या गुंडांच्या टोळीला पळवून लावायचं, शेवटी एलिट फोर या चार मातब्बर ट्रेनरना हरवायचं. हा सगळा कॅन्टो प्रदेश पहिल्यांदा 27 फेब्रुवारी 1996 ला जपानमध्ये गेम बॉयवर आला, रेड आणि ग्रीन अशा दोन कॅसेटी, अमेरिकेत तो 1998 ला रेड आणि ब्ल्यू म्हणून आला. मग 2004 ला गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर तोच गेम नव्याने बांधून फायररेड आणि लीफग्रीन आले, आणि नोव्हेंबर 2018 ला निन्टेन्डोच्या स्विच या मशीनवर लेट्स गो पिकाचू आणि लेट्स गो ईव्ही, हे दोन यलोवरून केलेले. दरवेळी दोन कॅसेटी का, तर हा गेम ज्याच्या डोक्यातून निघाला तो सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करणारा मुलगा होता, आणि गेम बॉयला गेम बॉय जोडणारी केबल बघून त्याला वाटलं की या वायरीतून किडे इकडून तिकडे चालत जाऊ शकतील. म्हणून रेडमध्ये ग्रोलिथ मिळतो पण व्हल्पिक्स नाही, ब्ल्यूमध्ये व्हल्पिक्स आहे पण ग्रोलिथ नाही, आणि 150 पोकेमॉन पूर्ण करायचे तर दुसऱ्या माणसाकडे जावंच लागतं. म्हणजे दुसरा माणूस हा या गेमचाच एक भाग आहे, आणि मी वर जे एकटे की दोघे असं विचारलं ते त्यामुळेच.

माझं सांगते म्हणजे माझा कल कुठे आहे ते कळेल. मी 2006 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बार्शीला मामाकडे खेळले. आमच्या वयाच्या बहुतेकांसारखंच, गेम बॉय वगैरे कधी हातात आला नव्हता, पोकेमॉन आधी टीव्हीवर हिंदीत बघितलेला, चिप्सच्या पाकिटातले टाझो जमवलेले, आणि मग मामेभावाच्या मित्राने सीडीवर दिलेला फायररेड, कॉम्प्युटरवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे गेम बॉयची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. बटणं माझ्या दादाकडे, वही माझ्याकडे. वहीत कुठल्या गुहेतून कुठे निघतो त्याचे नकाशे, कोणावर काय चालतं ते, आणि इंग्लिश शब्दांचे अर्थ, कारण आम्ही दोघंही मराठी मीडियमचे आणि फेंटेड, पॅरलाइज्ड, इव्हॉल्व्ह हे शब्द आम्हाला शाळेच्या आधी या गेमने शिकवले. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं, मामाचा यूपीएस जेमतेम दोन मिनिटं टिकायचा, लाईट गेली की यूपीएस पीं पीं करायला लागायचा आणि आम्ही दोघं एकदम ओरडायचो, सेव्ह कर सेव्ह कर. सुरुवातीला एकच पोकेमॉन निवडायचा असतो, मी बुल्बासोर मागत होते, दादाला चारमँडर हवा होता, गेममध्ये सेव्ह एकच, दादा मोठा, त्यामुळे चारमँडर.

आता ठिकाणाठिकाणाने जाऊ, कारण फरक तिथेच कळतो.

पहिला अडथळा प्यूटर सिटीच्या जिमचा प्रमुख ब्रॉक, दगडाचे पोकेमॉन घेऊन बसलेला. रेडमध्ये चारमँडर घेऊन गेलात तर त्याचा आगीचा मारा दगडावर अर्धाच लागतो, तरी ब्रॉकच्या जिओड्यूड आणि ऑनिक्सचं स्पेशल, म्हणजे असा मारा सोसायची ताकद, इतकं कमी असतं की चिकाटीने एम्बर मारत राहिलं तर जमून जातं. फायररेडमध्ये चारमँडर 13 व्या लेव्हलला मेटल क्लॉ शिकतो, शिवाय रूट 22 च्या गवतात दगडाला भारी पडणारा मँकी मिळतो, म्हणजे रस्ता ठेवलाय पण तो तुम्ही शोधायचा. आम्ही तीन दिवस हरलो होतो, आणि मेटल क्लॉ आला त्या दुपारी मामी स्वयंपाकघरातून बघायला आली की काय झालं. लेट्स गोमध्ये काय आहे, तर ब्रॉकच्या जिमच्या दारातच माणूस उभा, तुमच्याकडे पाण्याचा किंवा गवताचा पोकेमॉन असला तरच आत सोडतो. पहिल्यांदा खेळणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला हे बरंच आहे, तो रडत नाही, पण आम्ही ते तीन दिवस ज्यात घालवले ती गोष्ट इथे नाहीये हे मान्य करून घ्या.

मग माऊंट मूनची गुहा आणि तिथलं झूबॅट नावाचं वटवाघूळ. रेड आणि फायररेड दोन्हीत पोकेमॉन दिसत नाहीत, चार पावलं टाकली की स्क्रीन लुकलुकते आणि झूबॅट, परत चार पावलं, परत झूबॅट. ज्यांना आज ऑफिसवरून आल्यावर अर्धा तास मिळतो त्यांचा या गुहेत खरोखर जीव जातो. लेट्स गोमध्ये सगळे पोकेमॉन समोर फिरताना दिसतात, नको असेल तर बाजूने निघून जा. आणि धरायची पद्धतही पूर्ण वेगळी, जंगली पोकेमॉनशी लढाईच नाही, मोबाईलवरच्या पोकेमॉन गोसारखं नुसता बॉल फेकायचा, टीव्हीला जोडलं असेल तर हात खरंच फेकल्यासारखा हलवून. स्नॉरलॅक्स, ते तीन पक्षी, म्यूटू असे मोजके सोडले तर बाकी कोणाचं एचपी (उरलेला जीव) कमी करत बसणं नाही.

हा तिन्हीतला सगळ्यात मोठा फरक आहे, तुम्ही कशावर ठरवणार असाल तर यावर ठरवा. जुन्या पद्धतीत पिकाचूसाठी व्हिरिडियन फॉरेस्टमध्ये फिरत राहायचो, तिथे तो शंभरात पाच वेळा येतो, आणि स्क्रीन लुकलुकते तो जो पाऊण सेकंद असतो ना, अजून कोण आलंय ते कळायचंय, त्या पाऊण सेकंदासाठी मी आजही कॅटरपी आणि वीडलची रांग सहन करायला तयार आहे. मग तो आला की त्याला मारायचं पण मरू द्यायचा नाही, दादा म्हणायचा आता टॅकल, मी म्हणायचे नको जाईल तो. हे भांडण लेट्स गोमध्ये होऊच शकत नाही. पण मग दुसरं होतं, लांबून गवतात पिवळं काहीतरी दिसतं आणि दोघं एकदम ओरडतात, तोही आनंद खोटा नाही, मी दोन्ही अनुभवलेत म्हणून सांगते.

रॉक टनेल. रेड आणि फायररेडमध्ये फ्लॅश शिकवलेला पोकेमॉन नसेल तर आत अंधार, आणि आम्ही फ्लॅश न घेताच गेलो होतो, भिंतीला घासत घासत, माझ्या वहीतला सगळ्यात मोठा नकाशा या गुहेचा आहे. लेट्स गोमध्ये पार्टनर पिकाचूच उजेड करतो, कापणं, पोहणं, उडणं हे सगळं तोच करतो, त्यामुळे टीममधली एक जागा त्या कामांसाठी अडवून ठेवावी लागत नाही. जुन्या दोन्हीत ती अडवावी लागते आणि आता मोठेपणी त्याचा कंटाळा येतो, हे लेट्स गोचं सरळ सरळ चांगलं आहे.

लॅव्हेंडर टाऊनबद्दल थांबून बोलायला हवं. पोकेमॉनची कबरस्तानासारखी मिनार, वर भूत, सिल्फ स्कोप मिळेपर्यंत त्याचं नाव कळत नाही, तुमचे पोकेमॉन घाबरून हल्लाच करत नाहीत, आणि शेवटी कळतं की ती क्युबोन नावाच्या छोट्या पोकेमॉनची आई आहे, मारोवॅक, टीम रॉकेटने मारलेली. मुलांच्या गेममध्ये मरण इतकं सरळ आणलंय. आणि हे सगळ्यात भारी कुठे वाटतं तर मूळच्या रेडमध्ये. चित्र म्हणाल तर काहीच नाही, करड्या हिरव्या चार छटा, आणि आवाजाचे चारच चॅनल, पण जुनिची मासुदाचं ते लॅव्हेंडरचं संगीत त्या चार चॅनलमधून असं टोचत येतं की मी ते मोठेपणी पहिल्यांदा रेडवर ऐकलं तेव्हा हेडफोन काढून ठेवला. फायररेडमध्ये तीच धून जरा मऊ झालीये. लेट्स गोमध्ये चेहरे हलतात, डोळे भरतात, मुलाला गोष्ट नीट कळते. माझा भाचा तिथे गप्प झाला आणि मग म्हणाला, आत्या, त्याला आता कोण सांभाळतं? आम्हाला 2006 ला ते इंग्लिश अर्धंच कळलं होतं, आम्ही नुसते घाबरलो होतो.

इंग्लिशवरून आठवलं, लेट्स गोही हिंदी किंवा मराठीत नाहीये, वाचता न येणाऱ्या मुलासाठी घेत असाल तर प्रत्येक संवाद तुम्हाला मोठ्याने मराठीत सांगावा लागेल. मला ते आवडलं, पण वेळ काढावा लागतो.

रेडच्या खोडी आता एका दमात सांगते. बॅगेत 20 च वस्तू मावतात. पीसीच्या एका बॉक्समध्ये 20 पोकेमॉन, तो भरला आणि तुम्ही बदलायला विसरलात तर समोर आलेला पोकेमॉन धरताच येत नाही. कुठला अटॅक काय करतो हे गेममध्ये कुठेच लिहिलेलं नाही. शंभर टक्के लागणारा अटॅकही 256 मधून एकदा चुकतो, फोकस एनर्जी वापरली की क्रिटिकल, म्हणजे जबर फटका बसायची शक्यता, वाढायच्या ऐवजी कमी होते, भुताचे अटॅक सायकिकवर जोरात चालायला हवेत तर ते चालतच नाहीत, त्यामुळे सायकिक जिमच्या सब्रिनाचा अलाकझाम म्हणजे भिंत. डार्क आणि स्टील हे प्रकार 1999 च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये आले ते या सायकिकच्या दादागिरीनंतरच, आणि फायररेडमध्ये ते आहेत म्हणून तिथे सब्रिना आवाक्यात येते. पण अशाच चुकांमधून मिसिंगनो नावाचा बिघाडातला पोकेमॉनही आला. व्हिरिडियनच्या म्हाताऱ्याकडून धरायचं कसं ते बघायचं, उडून सिनाबारला जायचं, पूर्व किनाऱ्याला पोहत राहायचं, आणि एक तुटकी चौकोनी आकृती येते आणि बॅगेतली सहावी वस्तू सव्वाशेच्या वर होते. हे ज्यांनी शाळेत कुजबुजत ऐकलं आणि स्वतः करून बघितलं त्यांना फायररेड कधीच पुरं पडणार नाही, कारण तिथे हे दार बंद केलंय. त्यांनी रेड किंवा ब्ल्यूच घ्यावा, यात चर्चाच नको.

यलो (जपानमध्ये 1998, अमेरिकेत 1999) कोणासाठी, तर ज्यांचं प्रेम गेमपेक्षा कार्टूनवर होतं त्यांच्यासाठी. पिकाचू मागे मागे चालतो, थंडर स्टोन दिला तर नाकारतो, कार्टूनमधले जेसी-जेम्स येतात, आणि पुढे बुल्बासोर, चारमँडर, स्क्वर्टल तिघंही भेट मिळतात. फक्त तोच पिकाचू लेट्स गोमध्ये खांद्यावर बसतो, त्याच्या डोक्यावरून हात फिरवता येतो, त्यामुळे दोन्हीत निवड करायची झाली तर या बाबतीत मी लेट्स गोच सांगेन.

फायररेडकडे मी का वळते ते आता. एक म्हणजे धावता येतं, ब्रॉकला हरवल्यावर बूट मिळतात. दुसरं, सेव्ह उघडलं की मागच्या वेळी तुम्ही काय काय केलं ते आधी चार चित्रांत दाखवतो, महिन्याभराने कॅसेट हातात घेणाऱ्या माणसाला हे किती उपयोगी आहे ते वापरल्यावरच कळेल. तिसरं, मुलगी म्हणून खेळता येतं, रेडमध्ये येत नव्हतं, आणि मी पहिल्यांदा ते निवडलं 28 व्या वर्षी, कारण बार्शीला दादाने मुलगाच निवडला होता. चौथं, हरवलेल्या ट्रेनरशी व्हीएस सीकरने परत लढता येतं, लेव्हल वाढवायला गवतात तासन्तास फिरायची गरज नाही. आणि सातव्या बॅजनंतर सेव्ही आयलंड्स ही बेटं उघडायला लागतात, उरलेली एलिट फोरनंतर, तिथल्या बेरीच्या जंगलात हरवलेली ती लहान मुलगी, तिला शोधायला जाताना मला लॅव्हेंडरइतकीच धाकधूक झाली होती. नावडणारं एक आहे, नॅशनल डेक्स (सगळ्या प्रदेशांतल्या पोकेमॉनची यादी) मिळेपर्यंत गोल्बॅट त्याच्या पुढच्या रूपात, क्रोबॅटमध्ये, बदलत नाही, कितीही जीव लावा, होता होता थांबतो, आणि नॅशनल डेक्ससाठी एलिट फोर हरवून शिवाय 60 जातींचे पोकेमॉन धरलेले असावे लागतात. म्यूटूच्या गुहेत जायलाही सेव्ही आयलंड्सचं काम पूर्ण करावं लागतं, रेडमध्ये एलिट फोर झालं की सरळ जाता येतं.

लेट्स गोच्या बाजूने सांगायचं तर दोन गोष्टी अशा आहेत ज्या आम्हाला तेव्हा मिळाल्या असत्या तर आमचा उन्हाळा वेगळा गेला असता. पहिली, दुसरा जॉयकॉन (स्विचचा हातातला कंट्रोलर) हलवला की दुसरा माणूस त्याच स्क्रीनवर येतो, लढाईत दोघांचे दोन पोकेमॉन उतरतात, दोघांनी एकाच वेळी बॉल फेकला तर धरायची शक्यता वाढते. लोकांशी बोलणं, गोष्ट पुढे नेणं पहिल्याच्याच हातात राहतं, तरी वही घेऊन बसण्यापेक्षा कितीतरी जास्त. दुसरी, स्विचवर प्रत्येकाच्या प्रोफाइलचं सेव्ह वेगळं. रेड असो फायररेड असो, एका कॅसेटमध्ये एकच सेव्ह, कोणी नवीन गेम सुरू करून सेव्ह केलं की आधीचं गेलं. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात आमचं तेच झालं, सातवा बॅज झाला होता, मामेभावाने न्यू गेम केलं. दादा जेवला नाही त्या रात्री. घरात दोन मुलं असतील तर या एका कारणासाठी लेट्स गो घ्या, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. सोपा आहे, टीममधल्या सगळ्यांना अनुभव आपोआप मिळतो, मोठ्या माणसाला लढाया हलक्या वाटतील, पण एलिट फोरनंतर एकेका जातीचे मास्टर ट्रेनर येतात तिथे चांगलाच घाम निघतो.

घ्यायचं कसं तेही सांगते, कारण जुन्या कॅसेटींमध्ये लोक फसतात. रेड, ब्ल्यू, यलोमध्ये सेव्ह टिकवायला आत एक बटण सेल डाग देऊन बसवलेला असतो, पंचवीसहून जास्त वर्षांत तो मेलेला असण्याची शक्यता बरीच, आणि बदलताना आतलं सेव्ह पुसलं जातं, म्हणजे तुमचा लहानपणीचा चारिझार्ड त्यात असेल तर आधी तो केबलने दुसऱ्या कॅसेटमध्ये काढून ठेवा. फायररेड-लीफग्रीनला सेव्हसाठी सेल लागतच नाही. मात्र त्यांच्या नकली कॅसेटी भरपूर फिरतात. खरी फायररेड लाल असते, लीफग्रीन हिरवी, लेबलवर बारीक दाबून उठवलेला आकडा दिसतो, आणि खालच्या पिनांच्या वर पट्टीवर निन्टेन्डोचं नाव छापलेलं असतं. यातलं काही नसेल तर पैसे देऊ नका, ऐन शेवटी सेव्ह उडतं.

मशीन कुठलं, तर गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी. त्यावर रेडपासून फायररेडपर्यंत सगळ्या कॅसेटी चालतात आणि स्क्रीनला स्वतःचा लाईट आहे, मूळ गेम बॉयला तो नव्हता, चार पेन्सिल सेल घालून खिडकीपाशी बसावं लागायचं. निन्टेन्डो डीएसवर फायररेड चालतो, पण डीएसला केबलची जागा नाही, त्यामुळे दुसऱ्या फायररेडशी अदलाबदल होत नाही. ज्यांना अदलाबदल करायचीच नाही त्यांना डीएस लाइट चालेल.

मला करायचीये. बार्शीला आमच्याकडे एक कडाब्रा होता, पुलापलीकडच्या गवतात टेलिपोर्ट करून पळायच्या आधी दादाने एका बॉलमध्ये धरलेला अ‍ॅब्रा, त्याचा झालेला. त्याचा अलाकझाम होईल म्हणून आम्ही त्याला 60 व्या लेव्हलपर्यंत नेला, वहीत रोज लेव्हल लिहून, आणि तो झालाच नाही. केबलने दुसऱ्याला दिल्याशिवाय तो होत नाही हे कळलं तोवर आम्ही कॉलेजात होतो. माझ्याकडे आता एसपी आहे, सिंगापूरच्या मैत्रिणीने दिलेला, फायररेड आहे, आणि त्यात कडाब्रा 41 वर आहे. दादासाठी दुसरा एसपी आणि लीफग्रीन बघतेय, केबल आलीये. दिवाळीला तो पुण्याहून येईल तेव्हा मला त्याच्याकडून व्हल्पिक्स हवाय, आणि कडाब्रा मी आधी त्याच्याकडे पाठवणार, म्हणजे अलाकझाम होताना तो त्याच्या स्क्रीनवर दिसेल.